वय विचारा, नाव नको

जानेवारी २०२२मध्ये ‘नाय वरनभात लोन्चा कोन नाय कोन्चा’ हा महेश मांजरेकरांचा चित्रपट आला. तो जयंत पवारांच्या कथेवर बेतलेला होता. पवार गिरणगावाचे लेखक. १९८२च्या संपानंतर लालबाग-परळच्या घराघरांत जे जे कोसळत गेले, ते त्यांनी कथांतून आणि नाटकांतून पुन्हा पुन्हा मांडले. चित्रपट त्याच उद्ध्वस्त वस्तीत वाढलेल्या पोरांचा होता आणि सेन्सॉर बोर्डाने त्याला ‘ए’ प्रमाणपत्र दिले होते. म्हणजे अठरा वर्षांखालच्या कोणाला थिएटरात प्रवेश नाही. पण चित्रपटाच्या आधी ट्रेलर येतो, आणि हा ट्रेलर यूट्यूबवर आला. थिएटरच्या दारावर जे बंधन होते, त्यातले काहीच तिथे नव्हते. राष्ट्रीय महिला आयोगाने केंद्र सरकारला पत्र लिहून हरकत घेतली. अल्पवयीन मुलांसंबंधीची लैंगिक दृश्ये समाजमाध्यमांवर खुलेआम फिरत आहेत, ती थांबवा, असे त्या पत्राचे म्हणणे होते. ट्रेलर काढून टाकला गेला. फेब्रुवारीत न्यायालयाच्या आदेशावरून माहीम पोलिसांनी पॉक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हाही नोंदवला.

या प्रकरणात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले. गिरणगावातल्या मुलांची ही कहाणी अशा रीतीने सांगावी का, हा एक. सांगितलेली कहाणी कोणाच्या नजरेला पडावी, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर आपल्याकडे पन्नास वर्षे भांडणे चालू आहेत. दुसऱ्याने मात्र गेल्या काही वर्षांत जगभर कायद्याचे रूप घेतले आहे. इंटरनेटवर काही ठिकाणी जायचे असेल तर आधी वय सिद्ध करा, असे सांगणारे कायदे एकामागून एक येत आहेत. मुलांना जपायला हवे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात फोन देऊन त्याला सगळ्या जगाच्या हवाली करणे हा निष्काळजीपणा आहे, आणि ज्या कंपन्यांनी त्यातून पैसा केला त्यांना जाब विचारलाच पाहिजे. माझी चिंता या कायद्यांच्या दुसऱ्या टोकाची आहे. मूल कोण हे ओळखायचे, तर दारात येणाऱ्या प्रत्येकाला थांबवावे लागते. नियम मुलांसाठी असतो, पण ओळख द्यावी लागते ती सगळ्या प्रौढांना.

वयाचे दार आपल्याला नवे नाही. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात चित्रपटांची ‘यू’ आणि ‘ए’ अशी विभागणी होती. लालबागच्या भारतमातापासून गिरगावच्या रॉक्सीपर्यंत सगळीकडे ‘ए’ चित्रपटाच्या दिवशी डोअरकीपर चेहरे बघायचा. मिसरूड न फुटलेल्या पोराला बाजूला काढायचा, बाकीच्यांना आत सोडायचा. त्याच्या नजरेतून कोणी सुटत असेल, कोणी उगाच अडत असेल. पण कोण कोणता चित्रपट बघून गेला याची नोंद त्याच्याकडे नसायची आणि शो संपला की तो सगळे चेहरे विसरायचा. या ढोबळ पद्धतीत प्रौढ माणसाचे एक मोठे स्वातंत्र्य सुरक्षित होते. ते होते, हे तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नसे.

या दाराची घटनात्मक परीक्षा झाली ती मुंबईच्या एका पत्रकार-दिग्दर्शकामुळे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘अ टेल ऑफ फोर सिटीज’ नावाचा सोळा मिनिटांचा माहितीपट केला होता. कलकत्ता, मुंबई, मद्रास आणि दिल्ली या शहरांतली श्रीमंती आणि त्या श्रीमंतीच्या सावलीतली गरिबी त्यात समोरासमोर ठेवली होती. मुंबईच्या वेश्यावस्तीतले एक दृश्य त्यात होते. स्त्री खिडकी बंद करते, नोटा या हातातून त्या हातात जातात. बोर्ड म्हणाले, ‘यू’ नाही, ‘ए’ घ्या. अब्बास अडून बसले. केंद्र सरकारकडे अपील गेल्यावर ते दृश्य कापा, मग ‘यू’ देऊ, असे उत्तर आले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. खटला उभा राहिल्यावर सरकारने एकही कात्री न लावता ‘यू’ द्यायची तयारी दाखवली. दुसरा कोणी असता तर प्रमाणपत्र खिशात घालून घरी गेला असता. अब्बासांनी याचिका दुरुस्त करून आधीच परीक्षण करण्याच्या पद्धतीलाच आव्हान दिले.

२४ सप्टेंबर १९७० रोजी सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या खंडपीठाने निकाल दिला आणि अब्बास हरले. चित्रपट मनावर पुस्तकापेक्षा वेगळा आणि खोल परिणाम करतो, म्हणून त्याची आधी तपासणी आणि वयानुसार वर्गवारी घटनेत बसते, असे न्यायालय म्हणाले. पण त्या हरलेल्या खटल्यातून दोन गोष्टी हाती लागल्या. परीक्षणाला मुदत असेल आणि त्यावरचे अपील सरकारच्या खात्याकडे न जाता न्यायालयाकडे किंवा न्यायाधिकरणाकडे जाईल, असे सरकारने कबूल केले. पुढे १९८३मध्ये चित्रपटांसाठी अपिली न्यायाधिकरण उभे राहिले. २०२१मध्ये ते गुंडाळण्यात आले. आता दिग्दर्शकाला थेट उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते, आणि ते प्रत्येकाला परवडत नाही.

पुस्तकांच्या बाबतीत मात्र वयाचे दार कधीच नव्हते. त्यामुळे तिथे न्यायालयांना वेगळ्याच पेचातून जावे लागले. १९६४मध्ये ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. त्या वेळची कसोटी अशी, की ज्या मनांवर वाईट परिणाम होऊ शकेल अशांच्या हाती हे पुस्तक पडले तर काय होईल ते पाहायचे. म्हणजे चाळिशीच्या वाचकाने काय वाचावे हे पंधरा वर्षांच्या मुलाच्या मापाने ठरायचे. लगेच पाच वर्षांनी एका मराठी कथेने हे माप सैल केले. १९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली होती. पुण्याच्या एका वाचकाने तक्रार केली, लेखक आणि प्रकाशक आरोपी झाले आणि प्रकरण वर वर जात सर्वोच्च न्यायालयात पोचले. ऑगस्ट १९६९मध्ये न्यायालयाने काकोडकरांना दोषमुक्त केले. लैंगिकतेचा नुसता उल्लेख म्हणजे अश्लीलता मानली, तर कुमारवयीनांना कोणतीही कादंबरी वाचता येणार नाही, त्यांच्यासाठी फक्त धार्मिक पुस्तकेच उरतील, अशा आशयाचे न्यायालयाने त्या निकालात म्हटले. त्याच वर्षाच्या शेवटी काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरचा ‘दो रास्ते’ पडद्यावर आला आणि घराघरांतली माणसे सहकुटुंब तो बघायला गेली. ज्या लेखकाची कथा कोवळ्या मनांना घातक म्हणून न्यायालयात उभी होती, त्याच लेखकाची ही कहाणी.

पण मुंबईत या साऱ्याच्या कितीतरी आधी एक खटला झाला होता, आणि आजच्या प्रश्नाच्या गाभ्याशी तोच सर्वांत जवळचा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. १९२१मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, १९२५मध्ये त्यापायी नोकरी सोडली आणि १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. १९५३मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत ते चालले. १९३१मध्ये एका लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४चा खटला लेखाबद्दल नव्हता. तो वाचकांच्या पत्रांना दिलेल्या उत्तरांबद्दल होता. माणसे हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी आकर्षणाबद्दल, आपल्या शरीराबद्दलच्या भीतीबद्दल विचारत आणि कर्वे मोकळेपणाने, शास्त्राच्या आधाराने उत्तर देत. त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. परळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षे राहिलेले बाबासाहेब त्या सुमारास दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृहात राहायला आले होते. लैंगिक विषयावरचे सगळेच लिखाण अश्लील नसते, आणि लोक प्रश्न विचारत असतील तर उत्तर देण्यात गैर काय, हा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. विकृती वाटते म्हणून तिच्याविषयी ज्ञान नाकारायचे नसते, असे ते म्हणत होते. ते खटला हरले आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

या खटल्याची आठवण बाबासाहेबांच्या मोठेपणासाठी काढली जाते, ते योग्यच आहे. मला मात्र त्यातली ती पत्रे महत्त्वाची वाटतात. पत्र टाकणाऱ्याला कोणी वय विचारले नाही, ओळखपत्र मागितले नाही. पोस्टाच्या पेटीत टाकलेल्या पाकिटावर आपले नाव घालायचे की नाही, हे पाठवणाराच ठरवत होता. त्या भरवशावरच तो प्रश्न कागदावर उतरू शकला. कर्व्यांच्या मासिकाला त्या वेळी कोणी सांगितले असते, की प्रत्येक वाचकाच्या वयाचा दाखला जवळ ठेवा, तर दंड भरण्याची वेळच आली नसती. कारण पत्रेच आली नसती.

आता आजच्या दाराकडे येऊ. इंटरनेटवर वय तपासायच्या मुख्य तऱ्हा तीन. पहिली जुनीच: जन्मतारीख विचारायची आणि सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा. ती किती निरुपयोगी आहे हे कोणत्याही सातवीतल्या मुलाला विचारा. दुसरी चेहऱ्यावरून अंदाज: कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा आणि संगणकाने वय ताडायचे. चाळिशीच्या माणसाला ती सहसा अडवत नाही, पण अठरा वर्षांच्या आसपास, म्हणजे नेमके जिथे अचूकता हवी तिथे, ती काही वर्षांनी इकडे-तिकडे होते. ब्रिटनमध्ये काहींनी व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा दाखवून ती पार केली. तिसरी ओळखपत्राची: आधार, पासपोर्ट, क्रेडिट कार्ड. ही खात्रीची, आणि म्हणूनच सर्वांत धोक्याची. तिच्यात वयाबरोबर नावही जाते, आणि नावाबरोबर तुम्ही काय वाचायला आला होता याची नोंद होते.

ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५पासून प्रौढांसाठीच्या आणि मुलांना हानिकारक मजकुरावर वयाची कडक तपासणी सक्तीची झाली. पहिल्याच दिवसांत पोर्नोग्राफीच्या पलीकडच्या गोष्टीही दाराआड गेल्या. युक्रेन आणि गाझाच्या युद्धाविषयीच्या काही पोस्टीसुद्धा वय सिद्ध न करणाऱ्यांना दिसेनाशा झाल्या. दंड टाळायचा असेल तर शंका येईल ते सगळेच झाका, असा हिशोब कंपन्या करतात. जिथे चुकीची किंमत एकाच बाजूला मोजावी लागते, तिथे तो हिशोब असाच होणार. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खातेच उघडता येणार नाही असा कायदा लागू केला, आणि न पाळणाऱ्या कंपनीला सुमारे पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड ठेवला. काही आठवड्यांत सुमारे ४७ लाख खाती बंद झाल्याचे तिथल्या नियामकाने सांगितले. अमेरिकेत १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरचा असाच एक कायदा मुलांसाठी म्हणून प्रौढांचे बोलणे बंद करतो, या कारणाने रद्द केला होता. जून २०२५मध्ये त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी टेक्सासचा वयतपासणीचा कायदा वैध ठरवला. अठ्ठावीस वर्षांत न्यायालयाचा कल फिरला, कारण फोन प्रत्येक मुलाच्या खिशात गेला.

आपल्याकडे हे दार दोन कायद्यांतून आले. फेब्रुवारी २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीवरच्या मालिका-चित्रपटांना वयाची वर्गवारी लावली, आणि ‘ए’ मजकुरासाठी वय तपासण्याची भरवशाची व्यवस्था ठेवायला सांगितले. याच नियमांतल्या आचारसंहितेविरुद्ध पत्रकार निखिल वागळे आणि एक डिजिटल प्रकाशन मुंबई उच्च न्यायालयात गेले. १४ ऑगस्ट २०२१ रोजी न्यायालयाने आचारसंहिता पाळण्याची सक्ती करणाऱ्या तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली. टीकेला वावच उरणार नाही ही न्यायालयाची काळजी होती.

दुसरा कायदा २०२३चा, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा. त्याच्या नवव्या कलमानुसार अठरा वर्षांखालच्या कोणाचीही माहिती घेण्याआधी आई-वडिलांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांवर पाळत ठेवायची नाही, त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करायच्या नाहीत. मोडले तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. पाळत आणि जाहिरातीची बंदी मला मनापासून पटते. पण संमतीच्या तरतुदीची साखळी उलगडून पाहा. समोरचा मूल आहे का हे कळायला सगळ्यांचे वय हवे. मूल असेल तर पालक कोण हे हवे. पालक खरोखर प्रौढ आहे याचा पुरावा हवा. नोव्हेंबर २०२५मध्ये आलेल्या नियमांनी त्यासाठी आधीपासून असलेली ओळखीची माहिती किंवा डिजिलॉकरसारख्या सेवेने दिलेले टोकन, असे मार्ग सुचवले आहेत. कंपन्यांवरची ही बंधने मे २०२७पासून लागू व्हायची आहेत.

ही साखळी नायगाव किंवा लोअर परळच्या बीडीडी चाळीतल्या एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत लावून बघा. घरात माणसे पाच, फोन दोन, त्यातला चांगला वडिलांच्या नावावर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या फक्त सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. सतरा वर्षांच्या मुलीला पाळीबद्दल काही विचारायचे आहे, किंवा घरातल्याच कोणाच्या स्पर्शाबद्दल. नियमांनी दवाखाने, आरोग्यसेवक, शाळा अशांना काही सूट दिली आहे, ही चांगली गोष्ट. पण मुली आधी जिथे प्रश्न विचारतात, ते कोण्या संस्थेचे छोटे संकेतस्थळ, एखादा चर्चेचा गट किंवा आजचे ‘समाजस्वास्थ्य’ असू शकते. तिथे ती बोट लावते आणि पडद्यावर येते की वडिलांची संमती घ्या. तिला ज्याच्यापासून वाचायचे आहे, त्याच्याच हाती किल्ली गेली.

नावाची भीती ही कल्पना नाही, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती, शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने फक्त लाइक केले. दोघींना अटक झाली. त्या धक्क्यातूनच श्रेया सिंघल खटला उभा राहिला, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ कलम रद्द केले. कलम गेले, पण त्या दोन मुलींचे नाव शोधायला कोणालाही वेळ लागला नव्हता, हे सर्वांच्या लक्षात राहिले. नोव्हेंबर २०२५मध्ये अश्लील ऑनलाइन मजकुराच्या एका सुनावणीत सर्वोच्च न्यायालयानेच वय तपासायला आधारचा उपयोग करता येईल असे सुचवले. हेतू चांगला आहे, पण आधार हा वयापेक्षा खूप जास्त सांगणारा कागद आहे.

मग वय तपासायचेच नाही का? तपासता येते, आणि नाव न घेता तपासता येते, हे सांगणे गरजेचे आहे. पद्धत अशी: ज्याच्याकडे तुमची ओळख आधीच आहे, त्या संस्थेने ‘हा माणूस अठरा वर्षांवरचा आहे’ एवढेच विधान गणिती सहीसह तुमच्या फोनमध्ये ठेवायचे. तुम्ही ते संकेतस्थळाला दाखवता. सही खरी आहे हे संकेतस्थळाला कळते, पण नाव कळत नाही. आणि तुम्ही ते कुठे दाखवले, हे सही देणाऱ्यालाही कळत नाही. मतदानाच्या दिवशी बोटाला लागलेली शाई बघा: मत दिले एवढेच ती सांगते, कोणाला दिले ते सांगत नाही. यातले दुसरे टोक, म्हणजे सही देणाऱ्यालाही काही न कळणे, सर्वांत महत्त्वाचे आहे आणि तेच बहुतेक वेळा सुटते. डिजिलॉकर सरकारचे आहे. माझ्या टोकनची प्रत्येक चौकशी तिथे नोंदली गेली, तर मी काय वाचतो याची यादी सरकारी खात्यात तयार होते. आपल्या नियमांत टोकनचा उल्लेख आहे, पण ती यादी तयारच होणार नाही अशी सक्ती त्यांच्यात नाही. मे २०२७च्या आधी ती घालायला हवी, आणि सोबत हेही घालायला हवे की वय तपासल्यावर चेहरा किंवा कागद एक क्षणही जपून ठेवायचा नाही.

अब्बासांच्या हरलेल्या खटल्यातून आपल्याला अपील मिळाले होते, ते इथेही लागेल. यंत्र चुकते. एकोणीस वर्षांच्या मुलीला ते सोळाची ठरवेल. मग तिने कोणाकडे जायचे? डिस्कॉर्ड या गप्पांच्या सेवेवर ऑक्टोबर २०२५मध्ये सुमारे सत्तर हजार लोकांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रे बाहेर फुटल्याची शक्यता कंपनीने जाहीर केली. आपले वय चुकीचे ठरवले म्हणून तक्रार करताना लोकांनी ती पाठवली होती आणि ती बाहेरच्या एका कंत्राटदाराकडे साठून राहिली होती. चूक दुरुस्त करून घ्यायला जो गेला, त्याचेच कागद रस्त्यावर आले. म्हणून अपिलाचा मार्गही असा हवा, की त्यासाठी ओळखपत्र अपलोड करावे लागणार नाही: दुसऱ्या पद्धतीने पुन्हा तपासणी, ठरलेल्या दिवसांत उत्तर, आणि नाकारले तर डेटा संरक्षण मंडळाकडे मोफत दाद. मंडळ कायद्याने आहेच. असल्या तक्रारी त्याने ऐकाव्यात, एवढी एक ओळ नियमांत अजून लिहायची राहिली आहे.